फुकट पक्ष, विकत पक्ष

नानाशास्त्र्यांच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात की पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. "तुम्ही फुकट पक्षाचे की विकत पक्षाचे?" माणूस कोण, कशासाठी आलाय, दम लागलाय की नाही, काही बघायचं नाही. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढलेल्या माणसालाही त्यांनी हेच हिंदीत विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, सिलिंडर तो पैसे का है, पंडितजी. नानांनी त्याला तिथल्या तिथे विकत पक्षात धरला आणि मग चहा पाजला.

प्रश्न असा होता. इंटरनेटवर इतरांबरोबर व्हिडिओ गेम खेळायची दोन यंत्रं नानांच्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी होती, एक पांढरं, एक काळं. दोन्ही एकमेकांच्या वैऱ्यांची, म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची. पांढऱ्यावर लोकांबरोबर खेळायचं तर दर वर्षी वर्गणी. काळ्यावर तेच फुकट. तर शहाण्या माणसानं कुठलं घ्यावं? वय वर्षं एकाहत्तर, अंगात बंडी, डोक्याला शेंडी, जन्म न्यायशास्त्र शिकवण्यात गेलेला, आणि हा माणूस या प्रश्नावर जेवण विसरायचा.

या वादात मी एकदा त्यांना हरवलं. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, कुठेही काही जिंकलो नाही. बायकोशी तर पत्त्यातसुद्धा नाही. एकदाच जिंकलो, आणि ते जिंकणं परत करता येत नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

अहिल्याबाई घाटावरून वर आलं की जी गल्ली लागते तिच्यात आमची घरं समोरासमोर. काशीतले आम्ही मराठी लोक म्हणजे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण आलं की जी आधी तोंडाला येईल ती. नानांचं तसं नव्हतं. ते भांडणसुद्धा शास्त्राला धरून करायचे. "प्रमाण काय?" हा त्यांचा शब्द. आज थंडी आहे असं मी म्हणायची खोटी, की लगेच, केळकर, प्रमाण काय? दूधवाला म्हणाला दुधात पाणी नाही, प्रमाण काय? एकदा माझ्या बायकोनं शिरा पाठवला आणि वर साखर जरा जास्त झालीय असा निरोप दिला. नानांनी एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, "प्रत्यक्ष प्रमाण" म्हणाले आणि वाटी चाटूनपुसून परत केली. गल्लीतले पानवाले त्यांना लांबून येताना पाहिलं की हवापाण्याच्या गप्पा थांबवायचे.

आता मुक्ताचं सांगतो. मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी आणि त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. बापलेक जेवताना वाद घालायचे आणि मुक्ताची आई, कमलवहिनी, दोघांच्या ताटात आमटी गार होताना बघत बसायच्या. नानांच्या मनात होतं की आपल्यामागे पोथ्या हिनं चालवाव्यात. पोरगी गेली बेंगळुरूला, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत, आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मग फोन केला. आधी नाही, नंतर. नानांना लग्नाचं दुःख नव्हतं, विचारलं नाही याचं होतं. त्यांनी देवघरात जाऊन ओंजळीत गंगाजल घेतलं आणि म्हणाले, आजपासून मी मुक्ताशी बोलणार नाही. काशीच्या माणसानं हातात गंगा घेऊन शब्द दिला म्हणजे संपलं. तो गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

दोन वर्षांनी वहिनी गेल्या. मुक्ता आली, तेरा दिवस राहिली. नाना तिच्याशी बोलले नाहीत. म्हणजे कसे, तर ती दोन हातांवर उभी आणि हे मला म्हणायचे, केळकर, तिला सांगा, दूध उतू जातंय. ती म्हणायची, काका, नानांना सांगा, गॅस बंद केलाय. आणि मी गाढव, मधे उभा राहून इकडचं तिकडे करत होतो. तेव्हाच दोघांना एकेक ठेवून द्यायला हवी होती. मला वाटलं, होईल हळूहळू. चौदाव्या दिवशी ती गेली ती परत आली नाही.

ती गेल्यावर नानांना तिच्या खोलीत ते पांढरं यंत्र सापडलं. कॉलेजात असताना ती त्यावर खेळायची, तिचं खेळातलं नाव यंत्राच्या पाठीवर चिकटवलेलं होतं. नानांनी पोथी लावावी तसं ते यंत्र लावलं. पंधरा दिवसांत गडी गाड्यांच्या शर्यती करायला लागला. माझा मुलगा पुण्याला नोकरीला जाताना त्याचं काळं यंत्र आमच्याकडे टाकून गेला होता, ते मी नानांना देऊन टाकलं. ते फार खूश झाले. एकच पक्ष घरात ठेवला तर तो वाद नव्हे, हट्ट होतो, असं म्हणाले. तिथून हे फुकट आणि विकत सुरू झालं.

त्यांच्या दोन्ही बाजूच्या युक्तिवादांनी माझ्या किती संध्याकाळी खाल्ल्या त्याला गणती नाही. फुकट पक्ष म्हणतो, खेळ एकदा विकत घेतला की तो आपला, त्यावर पुन्हा वर्गणी कसली? विकत पक्ष म्हणतो, वर्गणी भरणाऱ्याला दर महिन्याला दोन खेळ वर मिळतात. फुकट म्हणतो, हो, पण वर्गणी थांबली की ते दोन्ही कुलपात, म्हणजे ते मिळालेच नाहीत, भाड्यानं होते. मग नाना बोट वर करायचे. "घाट फुकट आहे केळकर, नाव विकत आहे. घाटावर बसून गंगा दिसते. पलीकडे जाता येत नाही."

पण मुख्य फरक वेगळाच होता. पांढऱ्यावर वर्गणी भरली की शर्यतीतल्या बाकीच्यांचं बोलणं कानात ऐकू यायचं आणि आपलं त्यांना. काळ्यावर बोलणं नाही. हात हलवायचा, टाळी वाजवायची, अशा चार खुणा होत्या, बास. आणि पांढऱ्यावरची माणसं काळ्यावर दिसत नाहीत, काळ्यावरची पांढऱ्यावर नाहीत. दोन घाटांमध्ये भिंत घातल्यासारखं ते.

रविवारी दुपारी चार वाजता नाना पांढऱ्यावर शर्यत खेळायचे. टोपी काढून कानांवर ते मोठे हेडफोन, शेंडी मागे बाहेर. खेळातलं नाव त्यांनी घेतलं होतं 'पूर्वपक्ष', म्हणजे शास्त्रार्थात आधी मांडतात ती बाजू. आठ गाड्या सुटायच्या, सात गाड्या धूळ उडवत दिसेनाशा व्हायच्या आणि नाना आपले डावीकडून, सायकलरिक्षाच्या गतीनं. मी म्हटलं, नाना, ही शर्यत आहे. म्हणाले, घाई कशाची आहे? लोक शिव्या द्यायचे असणार, कारण शेवटची गाडी पोचेपर्यंत खेळातली ती खोली, म्हणजे सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं ती जागा, बंद होत नसे. आणि इतकं सगळं करून नानांचा स्वतःचा माइक कायम बंद. तीन वर्षांत एक शब्द त्यांनी त्यात उच्चारला नाही.

हे मला तेव्हा फक्त विचित्र वाटत होतं. खरं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, वाचणाऱ्याला अंधारात ठेवण्यात मला मजा नाही. त्या आठ गाड्यांमधली एक मुक्ताची होती. यंत्राच्या पाठीवरचं नाव शोधून नानांनी तिला 'पूर्वपक्ष' म्हणून खेळायला बोलावलं होतं आणि तिनं तासाभरात होकार दिला होता. शपथ न बोलण्याची होती, न ऐकण्याची नव्हती. नैयायिकच तो. वर्गणी भरायची ती रविवारी अर्धा तास पोरीचा आवाज ऐकायला, आणि गाडी हळू चालवायची ती खोली लवकर बंद होऊ नये म्हणून.

आता त्या नागपंचमीचं सांगतो. त्या दिवशी काशीत शास्त्रार्थ करायची जुनी चाल आहे. मोठे पंडित मोठ्या जागी करतात, नाना दर वर्षी घरी करायचे. मध्यस्थ म्हणून खालच्या मजल्यावरचे गंगाधरभट, ज्यांना एका कानानं ऐकू येतं आणि तो कान नेमका दुसऱ्या बाजूला असतो. त्या वर्षी विषय अर्थात तोच. नाना विकत पक्ष, मी फुकट पक्ष. नियम जुनाच, हरला त्यानं जिंकणाऱ्याचा पक्ष घ्यायचा, नुसता तोंडानं नाही, वागण्यात. त्याआधी चार वर्षं मी निरनिराळ्या विषयांवर हरलो होतो आणि त्यापायी एकदा वर्षभर गूळ घातलेला चहा प्यायलो होतो.

या वेळी मी तयारी करून गेलो होतो. वर्गणी कशाची, असं मी विचारलं. नाना म्हणाले, बोलण्याची. मी म्हटलं, ज्याला बोलायचंच नाही त्यानं बोलण्याची वर्गणी भरणं व्यर्थ, हे मान्य? मान्य, म्हणाले. मग मी सावकाश म्हणालो, "नाना, तीन वर्षं तुमचा माइक बंद आहे. तुम्ही त्यात कोणाशीही बोलत नाही. म्हणजे तुमची वर्गणी व्यर्थ आहे. प्रमाण, प्रत्यक्ष."

नाना गप्प बसले. मला वाटलं, अडकले. अहो, उत्तर त्यांच्या ओठांवर होतं. बोलण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी भरतो, एवढं म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न मी कुठला विचारणार हे त्यांना ठाऊक होतं, कोणाचं ऐकण्यासाठी? आणि खोटं बोलणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. गंगाधरभट म्हणाले, वेळ घ्या, सावकाश सांगा. नानांनी मान हलवली. उत्तर न सुचणं हेही न्यायशास्त्रात पराभवाचं एक ठिकाण मोजलंय, त्याचं नाव त्यांनी स्वतःच घेतलं. "अप्रतिभा. केळकर जिंकले."

मी काय केलं असेल? पेढे वाटले. गल्लीत प्रत्येकाला सांगितलं की शास्त्रीबुवांना चीत केलं. नानांनी त्याच संध्याकाळी पांढऱ्या यंत्राच्या वायरी गुंडाळल्या, धुतलेल्या धोतरात ते बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. मी शिडी धरली होती.

मग रविवारी चार वाजता ते काळ्यावर बसायला लागले. हेडफोन नाही, काही नाही. आणि गाडी जोरात चालवायला लागले. दोन वेळा पहिले आले. मी खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, बघा, फुकट पक्षाचा प्रताप. ते माझ्याकडे बघून हसायचे. हळूहळू त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला तो प्रश्न विचारणं सोडलं. नंतर "प्रमाण काय" कमी झालं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, नाना, आज गंगा उलटी वाहतेय, तर म्हणाले, असेल. बायको म्हणाली, यांना डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, हरल्याचा राग आहे, दुसरं काही नाही. इतका मूर्ख माणूस बँकेनं सदतीस वर्षं ठेवून कसा घेतला, देव जाणे.

मार्गशीर्षात, धुकं विरून ऊन पडल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास मला मुक्ताचा फोन आला. चार वर्षांनी. आधी इकडचं तिकडचं विचारलं, काकूंचे गुडघे कसे आहेत, मग म्हणाली, "काका, नाना आहेत ना?"

आहेत ना या शब्दांचा अर्थ मला एकदम कळला नाही. मी म्हटलं, आहेत म्हणजे काय, समोर अंथरूण उन्हात टाकतायत. पलीकडे ती रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं. नागपंचमीपासून 'पूर्वपक्ष' शर्यतीला आला नव्हता. तिनं पहिल्या महिन्यात म्हटलं, प्रकृती बरी नसेल. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, आपलं काही चुकलं, नानांनी शेवटचा धागा पण तोडला. त्यानंतर फोन करायची भीतीच वाटायला लागली, कारण कोण काय सांगेल.

मी विचारलं, पण तुला कसं कळलं की ते नाना आहेत? ती रडता रडता हसली. म्हणाली, काका, शर्यतीत डावी बाजू धरून चालणारा, 'पूर्वपक्ष' नावाचा माणूस जगात दुसरा कोण असणार? पहिल्या दिवशीच कळलं. बाकीचे सहा जण पोचून वैतागून निघून जायचे. मग मी आणि ती एक गाडी. मी बोलत राहायची. भाजणी कडक झाली, आईसारखी होत नाही, ऑफिसात काय झालं, सगळं. नाना ऐकतायत म्हणूनच बोलायची.

मी चपला न घालता समोर गेलो. जिन्यातच ठरवलं होतं, पुन्हा शास्त्रार्थ मांडायचा आणि सपाटून हरायचं. नाना अंथरूण झटकत होते. मी म्हटलं, नाना, मला फुकट पक्षावर शंका आहे, पुन्हा वाद घालू. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, हरायला आलायत. ठरवून हरलेला वाद धरत नाहीत. जा, चहा घ्या.

मग माझ्यानं राहवेना. मी सांगून टाकलं. मुक्ताचा फोन आला होता. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती रिकाम्या खोलीत बोलत नव्हती, तुमच्याशी बोलत होती.

नाना खाली बसले. हातात उशी तशीच होती. धूर दिसला तर तिथे आग आहे, हे ज्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, त्यांना एवढं अनुमान करता आलं नव्हतं. म्हणाले, मला वाटायचं ती स्वतःशी बोलते. लहानपणी बोलायची, गणित सोडवताना. मी म्हटलं, नाना, तुमच्याशी. मग त्यांचं डोकं चालायला लागलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. सांगणाऱ्याला ठाऊक की ऐकतोय कोण. ऐकणाऱ्याला ठाऊक की सांगतंय कोण.

"म्हणजे संवाद झाला, केळकर," ते म्हणाले. "एकदा नाही, तीन वर्षं झाला. शपथ केव्हाच मोडलीय." आणि थांबून म्हणाले, "मी उगाच सांभाळत बसलो."

मी म्हटलं, मग लावू फोन? त्यांनी हो म्हटलं नाही, हात पुढे केला. मी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकून त्यांच्यासमोर धरला. मुक्ता हॅलो काका म्हणाली. सहा वर्षांनी बाप लेकीशी पहिला शब्द काय बोलतो, कशी आहेस, रागावू नकोस, ये, काहीही. नाना म्हणाले,

"त्या गाठीचा रिपोर्ट काय आला?"

मला काही कळेना. कुठली गाठ, कसला रिपोर्ट? मग ती म्हणाली, नाना, तो चांगला आला. साधी गाठ होती, काढून टाकली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच कळलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नागपंचमीच्या आधीच्या रविवारी, त्या रिकाम्या खोलीत, तिनं बापाला सांगितलं होतं की गाठ आलीय आणि गुरुवारी रिपोर्ट आहे. हे पुढच्या रविवारची वाट बघत होते. मधे बुधवारी मी जिंकलो. चार महिने हा माणूस माझ्यासमोर अंथरूण उन्हात घालत होता, गाडी जोरात चालवत होता, मी टोमणे मारले की हसत होता, आणि आपली मुलगी बरी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. कोणाला विचारणार? विचारायला गेलं तर शपथ आडवी, माळ्यावर चढायला गेलं तर माझा विजय आडवा.

"बरं झालं," नाना फोनला म्हणाले. "मला कळायला मार्ग नव्हता."

मार्ग होता, नाना, तो मी बंद केला, असं सांगायला मी तोंड उघडलं. माफी मागायची होती. नानांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. मुक्ता बोलत होती आणि त्यांना ऐकायचं होतं.